सिंह, चाक आणि देऊळ : गोव्याच्या राजचिन्हांची गोष्ट

सावंतवाडीहून गोव्याला निघालेला माणूस बांदा ओलांडतो आणि पत्रादेवीच्या नाक्यावर पेडणे तालुक्यात शिरतो. तिथे बहुधा समोरून कदंब महामंडळाची बस येते आणि तिच्यावर एक सिंह असतो. पेडणे, डिचोली, म्हापसा, पणजी असा रोजचा प्रवास करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून तो दिवसातून दहा वेळा जातो. पण हा सिंह कुठून आला, असे विचारले तर बहुतेक जण क्षणभर थांबतील.

हा सिंह गोव्याच्या कदंब राजांचा. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौदाव्या शतकापर्यंत, आधी चंद्रपूर म्हणजे आजचे चांदर आणि मग गोपकपट्टण या राजधान्यांतून या घराण्याने गोव्यावर राज्य केले. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असे आणि त्या नाण्यांवर त्यांचे एक बिरुदही असे : ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’. सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य लाभलेले, असा त्याचा अर्थ. नाणे म्हणजे हातोहाती फिरणारे स्मारकच. राजाने त्यावर पशू कोरला तो पराक्रमासाठी, आणि देव कोरला तो अधिकारासाठी. १९८० मध्ये महामंडळ निघाले तेव्हा घराण्याचे नाव आणि सिंह बसवर आले. देव मात्र नाण्यावरच राहिला.

राज्य कोणाचेही असो, आपल्या अधिकाराला वरून कोणाचा तरी आशीर्वाद आहे, हे लोकांना दिसावे अशी त्याची धडपड असते. म्हणून राजधानीच्या वेशीवर, राजवाड्याच्या दारावर, नाण्यावर, झेंड्यावर देवधर्माची चिन्हे येतात. जगभर हे झाले आहे. पोर्तुगालच्या झेंड्यावर पाच लहान ढाली आहेत. त्या ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या खुणा, असे परंपरा सांगते. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवली तेव्हा व्हाइसरॉयच्या प्रासादावर लुटेन्सने घुमट चढवला, तो सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा. गोव्यात मात्र ही सगळी गोष्ट एका दिवसाच्या फेरफटक्यात पायी आणि फेरीबोटीने पाहता येते. ती पाहावी म्हणूनच हा लेख.

कातारिनेचे चाक

आफोंसो द आल्बुकर्कने १५१० च्या फेब्रुवारीत गोवे घेतले, मे महिन्यात ते त्याला आदिलशाही फौजेपुढे सोडावे लागले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने ते पुन्हा जिंकले. २५ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात सांता कातारिनेचा, म्हणजे सेंट कॅथरिनचा दिवस. विजय तिच्या कृपेने मिळाला असे ठरले. ज्या वेशीतून पोर्तुगीज शहरात शिरले तिच्याजवळ आल्बुकर्कने तिच्या नावाचे चॅपेल बांधले. ते पुढे वाढवले गेले आणि आजही जुन्या गोव्यात उभे आहे. १५६२ मध्ये सुरू झालेले भव्य से कॅथेड्रलही तिलाच वाहिलेले आहे. आणि तिचे चिन्ह असलेले चाक गोवे शहराच्या राजमुद्रेवर बसले. पोर्तुगीज भारताच्या मुद्रेवर ते शेवटपर्यंत राहिले.

हे चाक कसले, ते पाहण्यासारखे आहे. कथा अशी सांगतात की, अलेक्झांड्रियाची ही तरुण विदुषी रोमन सम्राटापुढे आपली श्रद्धा सोडायला तयार झाली नाही. तिला खिळ्यांच्या चाकावर घालून मारायची आज्ञा झाली, चाकच मोडले, मग तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे हे चाक सत्तेने श्रद्धेचा छळ केल्याची खूण. तेच चाक गोव्यात विजेत्या सत्तेचे चिन्ह झाले, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, त्याच शहरात इन्क्विझिशनचे न्यायासन चालले. चिन्ह तेच राहते; ते कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. हे या गोष्टीतले पहिले सत्य.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरले की व्हाइसरॉयची कमान लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय होता. त्याने ती आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. नदीच्या बाजूला वास्कोची मूर्ती आहे. शहराच्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक स्त्री आहे, आणि तिच्या पायाखाली एक एतद्देशीय पुरुष दाबलेला आहे. तिला सांता कातारिना मानतात. नवा व्हाइसरॉय लिस्बनहून आला की याच कमानीखालून शहरात प्रवेश करी. ही कमान पुढे कोसळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. पोर्तुगीज सत्तेची इथली उणीपुरी आठ वर्षे उरली होती, पण चिन्ह पडलेले राहू द्यायचे नाही एवढी जाण तिला होती.

कमानीपासून थोड्या अंतरावर आदिलशहाच्या वाड्याचे दार म्हणून ओळखले जाणारे काळ्या दगडाचे एकाकी दार उभे आहे. त्याची घडण पाहिली की देवळाच्या चौकटीची आठवण होते. एकाचे दगड दुसऱ्याने वापरायचे, ही रीत गोव्यात पोर्तुगीजांच्याही आधीची.

दिवाडीहून नार्व्याला

जुन्या गोव्यासमोर मांडवीत दिवाडी बेट आहे. कदंबांचा सप्तकोटीश्वर मुळात तिथला. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देऊळ पडले. विजयनगरच्या माधवमंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडण्याची मोहीम झाली, तीत ते पुन्हा गेले. त्या जागी चॅपेल उभे राहिले. शिवलिंग विहिरीच्या कामाला लावले गेले होते, असे सांगतात. मग डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव सरदेसाई यांच्या पुढाकाराने ते लिंग नदीपार आणले गेले आणि दिवाडीसमोरच्या काठावर, डिचोली महालात, त्याची स्थापना झाली. गावाचे नावही देवाबरोबरच आले : दिवाडीवरचे नार्वे आणि डिचोलीतले नार्वे अशी दोन नार्वी आज नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत.

इथे थोडे थांबायला हवे. त्या वेळी डिचोली महाल कोणाकडे होता? विजापूरच्या आदिलशहाकडे. पोर्तुगीज राजवटीतून निघालेल्या कदंबांच्या देवाला आसरा मिळाला तो आदिलशाही मुलखात, एका हिंदू सरदेसायाच्या हातून. फोंडा, डिचोली, पेडणे या महालांत अशी कितीतरी दैवते आली. दिवाडीचा गणपती खांडोळ्याला गेला. आपण इतिहास दोन रंगांत रंगवायला बसलो की असे तपशील कुंचल्यात अडकतात. ते पुसू नयेत.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यात डिचोली आली तेव्हा त्यांनी या देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली. दाराच्या वर शिलालेख आहे : शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, श्री शिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. म्हणजे नोव्हेंबर १६६८. राज्याभिषेकाला अजून साडेपाच वर्षे होती. जागा पाहिली की या कृतीचे मोल कळते. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडीला जाते, आणि दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून जुन्या गोव्याला. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याच्या राजधानीपासून नदीचे दोन फाटे ओलांडले की जिथे पोहोचता येते, तिथे महाराजांनी कदंबांच्या राजदैवताचे देऊळ बांधायला घेतले. इथल्या भूमीचा जुना राजा ज्या देवाच्या नावाने राज्य करी, त्या देवाचा कैवारी आता आपण आहोत, हे सांगायला त्यांना वेगळा जाहीरनामा काढावा लागला नाही.

पण त्या देवळाचे रूप पाहा. उतरते कौलारू छप्पर, अष्टकोनी बैठकीवर बसका घुमट, साधा सभामंडप, समोर दीपस्तंभ. कदंबांच्या काळचे देऊळ कसे असे, ते तांबडी सुर्लाच्या महादेवाकडे पाहून कळते : काळा दगड, बारीक कोरीवकाम. नार्व्याचे देऊळ तसे नाही. घुमट दख्खनच्या मुसलमानी इमारतींशी नाते सांगतो, मंडपाच्या धाटणीत शेजारच्या चर्चचीही छाया दिसते. जे गवंडी होते, जी पद्धत रुळलेली होती, तिनेच बांधले. रायगडावरच्या जगदीश्वराचेही तसेच. लांबून पाहणाऱ्याला ते देऊळ आहे हे चटकन कळत नाही. धर्माचा अभिमान बाळगताना शैलीचे सोवळे पाळावे असे त्या काळच्या माणसांना वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या देवळासाठी दुसऱ्या कोणाचे घर पाडावे लागले नाही. जो देव नदी ओलांडून आला होता, त्याला तिथेच नीट छप्पर दिले. आजही गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगा तीर्थावर स्नानाला माणसे लोटतात. ज्या डिचोलीत सप्तकोटीश्वर आहे, त्याच डिचोलीत टेकडीवर नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, त्या काळातली ती वास्तू. तालुका एकच, आणि दोन्ही वास्तू राज्याच्या संरक्षित यादीत.

पेडण्याचे हत्ती, तेरेखोलचे चॅपेल

पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्णचा किल्ला घेतला आणि तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे ‘हळर्णचा मार्केझ’ हा किताब मिळाला. पेडण्यातल्या एका गावाचे नाव असे लिस्बनच्या उमराव घराण्यात जाऊन बसले. त्याच वर्षी तेरेखोलचा किल्लाही गेला. भोसल्यांनी बांधलेल्या त्या किल्ल्याच्या ऐन अंगणात मग ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आले. जिंकलेल्या जागेच्या मध्यभागी आपले देवस्थान उभारण्याची सवय सव्वादोनशे वर्षांनंतरही गेली नव्हती.

पण किल्ल्याबाहेर काळ बदलला होता. पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ मध्ये. डिचोली आणि सत्तरी त्याच्या थोडे आधी. हे सगळे ‘नव्या काबिजादी’त मोडतात. इथल्या लोकांच्या देवळांना आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असे पोर्तुगीज सरकारला कबूल करावे लागले. म्हणून पेडण्याच्या भगवतीच्या दारातले दोन मोठे दगडी हत्ती जागच्या जागी राहिले, मोरजीची मोरजाई राहिली, डिचोलीत हरवळ्याची लेणी आणि शिरगावची लईराई राहिली. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतला प्रवासी चर्चच्या पांढऱ्या दर्शनी भिंती पाहत जातो. पेडणे-डिचोलीत शिरला की दीपस्तंभ दिसू लागतात. गोव्याच्या नकाशावर ही सीमारेषा कोणी आखलेली नाही, पण डोळ्यांना ती दिसते.

पणजी : खांब तेच, माथा वेगळा

जुने गोवे साथींनी ओस पडले. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. नव्या शहराच्या माथ्यावर, टेकडीच्या उतारावर, निष्कलंक गर्भसंभव मातेचे चर्च आधीच होते. त्याच्या समोरच्या नागमोडी पायऱ्या आज गोव्याची ओळख झाल्या आहेत. त्या चर्चची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. तो मठ मोडकळीस आल्यावर ती १८७१ मध्ये इथे चढली. पण पणजीत एक बदल त्याआधीच झाला होता. १८१८ मध्ये इथे महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. ताळगावची ही देवी आपत्काळात डिचोलीच्या मये गावी गेली होती आणि तिथून पणजीला आली, अशी परंपरा आहे. ज्या सरकारच्या पूर्वसूरींनी देवळे पाडली, त्याच सरकारच्या परवानगीने राजधानीत देऊळ झाले. डिचोलीने सांभाळलेली ठेव परत केली, असे म्हणायला हरकत नाही.

आता दोन जागा नीट पाहू. पहिली म्हणजे आझाद मैदान. तिथे मध्यभागी खांबांचा मंडप आहे. हे खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन मठाच्या अवशेषांतून आणलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्या मंडपाखाली आल्बुकर्कचा पुतळा बसवला. मुक्तीनंतर पुतळा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला. आज त्या मंडपात डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे स्मृतिस्थान आहे. मठाचे खांब, विजेत्याचे छत्र आणि आता स्वातंत्र्यसैनिकाची समाधी : एकाच दगडाचे तीन जन्म.

दुसरी जागा म्हणजे चर्चसमोरची नगरपालिकेची बाग. वास्को द गामाच्या भारतप्रवासाला चारशे वर्षे झाली तेव्हा, १८९८ मध्ये, तिथे एक उंच स्तंभ उभारला आणि त्यावर वास्कोचा अर्धपुतळा ठेवला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. स्तंभ कोणी पाडला नाही. वास्को खाली आला आणि त्या जागी सारनाथचे चार सिंह चढले. सचिवालयाच्या दारावर व्हाइसरॉयची मुद्रा होती, तिथे अशोकचक्र आले. साडेचारशे वर्षांनी गोव्यात एक चाक उतरले आणि दुसरे चढले.

ही दोन चाके शेजारी ठेवून पाहावीत. कातारिनेचे चाक सम्राटाने एका श्रद्धाळू स्त्रीवर चालवले आणि पुढे विजेत्याने मिरवले. अशोकाचे चक्र धर्माचे, म्हणजे बुद्धाने सारनाथला प्रवर्तित केलेल्या धर्मचक्राचे. ते ज्या सम्राटाने उभारले, त्याने कलिंगच्या युद्धानंतर आपल्या विजयाबद्दल शिलालेखात खेद कोरून ठेवला. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने ते चक्र झेंड्यावर घेतले, २६ जानेवारी १९५० ला सिंहशीर्ष राजमुद्रा झाले. तेही मुळात धार्मिक चिन्हच आहे, यात लपवण्यासारखे काही नाही. पण ते निवडले गेले तेव्हा ज्या धर्माचे ते, त्याचे अनुयायी या देशात मूठभर होते. बहुसंख्यांनी आपला देव राजमुद्रेवर बसवला नाही, हे त्या निवडीचे मोठेपण.

म्हणूनच १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर तो चक्रांकित झेंडा लावायला सत्याग्रही गेले, त्यांचा म्होरक्या आल्फ्रेड आफोंसो हा ख्रिस्ती गोवेकर होता, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबहून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथे कोसळला. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. गावाच्या नावात देवी, हुतात्मा शीख, झेंड्यावर बौद्ध चक्र. पेडणे तालुक्याच्या वेशीवरचे हे स्मारक गोव्याचे खरे महाद्वार म्हणावे असे आहे. आपल्या गाड्या मात्र तिथून पुढे वेगाने निघून जातात.

आता आपण काय करायचे?

हा प्रश्न जुना नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या उभारणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली. ११ फेब्रुवारी २०२३ ला नार्व्याच्या सप्तकोटीश्वर मंदिराचे जतनकाम पूर्ण होऊन ते लोकांसाठी खुले झाले. या दोन गोष्टी एकत्र उच्चारल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. नार्व्याला जे होते ते सांभाळले गेले. तिथे शिलालेख आहे, पूजा अखंड आहे, गाव आहे. याचे स्वागत मनापासून करावे. पण जिथे पुरावा पुसट आहे, किंवा जिथे आज दुसऱ्या कोणाची प्रार्थना चालते, तिथे काय बांधायचे? आणि तिथला जुना देव तर बहुतेक वेळा फोंड्यात, डिचोलीत किंवा पेडण्यात नव्या घरी कधीचा नांदतो आहे. त्याला आता पुन्हा हलवणार कोण?

मला वाटते, महाराजांचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. त्यांनी आपल्या देवाला छप्पर दिले, आणि ते सत्तेच्या अगदी समोर दिले, ही हिंमत. त्यासाठी दुसऱ्याचे छप्पर काढले नाही, हा विवेक. या दोहोंपैकी एकच उचलला तर आपण नार्व्याच्या देवळापेक्षा धक्क्यावरच्या कमानीच्या जवळ जातो. पायाखाली कोणाला तरी दाबून उभ्या असलेल्या त्या मूर्तीचा राग आपल्याला येतो तो योग्यच आहे. तशीच मूर्ती आपण उलट्या बाजूने घडवू नये, एवढेच.

आणि बांधण्याआधी एक साधे काम करता येईल. पणजीच्या स्तंभापाशी, आझाद मैदानाच्या मंडपात, नार्व्याच्या धक्क्यावर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत ही हकीकत नीट लिहिलेले फलक लागावेत, आणि आपल्यासारख्या मंडळांनी त्यासाठी पाठपुरावा करावा. मुलांना एका रविवारी नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी, दिवाडीहून जुने गोवे, तिथून कदंबच्या बसने पणजी असे न्यावे. बसवरचा सिंह कोणाचा, हे त्यांना मग सांगावे लागणार नाही. ती आपल्याला सांगतील.

गोव्यात मूर्तिपूजेवर बंदी होती तेव्हा काही घराण्यांनी कागदावर रेखलेला गणपती पुजला, कोणी नुसती पत्री पुजली. ती चाल काही घरांत आजही मोडलेली नाही. कमानी कोसळल्या, पुतळे संग्रहालयात गेले, मठांचे खांब हलले; पण तो कागदाचा गणपती दर भाद्रपदात येतो. आपल्या मंडपातल्या मूर्तीपुढे हात जोडताना यंदा त्याचीही आठवण ठेवावी.